आधी मंजुरीपत्र, मग फ्लॅट



भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घ्यायचा म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी एकच विचारतो, 'कर्जाचं तत्त्वतः मंजुरीपत्र हातात आहे का?' बहुधा उत्तर येतं, 'आधी जागा तर पसंत पडू दे!' हा क्रम उलटा आहे. त्यात लोकांची वर्षानुवर्षांची बचत अडकते, म्हणून आज हा विषय घेतला.

पुणे महापालिका हद्दीतला ६० लाखांचा रिसेलचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपुढच्या, ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. म्हणजे फार तर ४८ लाख. उरलेले १२ लाख जमले, की घरात जागा बघण्याची लगबग सुरू होते. पण पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. या खर्चावर बँक कर्ज देत नाही. खिशातून जाणार साडेसोळा लाख. दलाली वेगळीच.

बरं, ते ४८ लाख तरी मिळतील का? समजा, हातात पगार येतो १ लाख १० हजार आणि राहत्या घराचा हप्ता आहे २५ हजार. बँकेने सगळ्या हप्त्यांसाठी पगाराचा निम्मा भाग धरला, तर नव्या हप्त्याला उरतात ३० हजार. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी त्यात बसतं जेमतेम साडेचौतीस लाखांचं कर्ज. ४८ लाखांचा हप्ता तर साडेएकेचाळीस हजारांच्या वर जातो! येणारं भाडं बँक उत्पन्नात पूर्ण धरेलच असं नाही. आणि वर्षाला किमतीच्या तीन टक्के भाडं धरलं, तर ते महिन्याला १५ हजारच होतं. म्हणजे या माणसाने ४३ लाखांच्या आसपासचीच घरं बघायला हवीत. हे इसार देण्याआधी कळलं तर फक्त यादी बदलते. नंतर कळलं तर विक्रेत्याच्या दारात हात जोडून उभं राहावं लागतं.

सिबिल स्कोअरचंही तेच. कधीकाळी बंद केलेलं क्रेडिट कार्ड अहवालात थकीत दिसतं. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि विक्रेता तेवढा थांबत नाही. तिसरं घर घेणाऱ्यांनी तर आधीच चौकशी करावी. तिथून पुढचं कर्ज बँका व्यापारी स्थावर मालमत्तेत धरतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. तत्त्वतः मंजुरी तुमची ऐपत पाहून मिळते. त्या फ्लॅटचे कागद तेव्हा कुणी तपासलेले नसतात. पुढे वकील टायटल बघतो, मूल्यांकन होतं, आणि मूल्यांकन करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर कर्जही त्या हिशेबाने घटतं. शिवाय या पत्राला मुदत असते, ती पत्रावरच वाचा.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. मंजुरीपत्र हाती आल्यावरच जागा बघायला निघा, आणि इसार पावतीवर हे लिहून घ्या : 'कागदपत्रांतील दोषामुळे बँकेने कर्ज नाकारल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत केली जाईल.' विक्रेता हे लिहून द्यायला तयार नसेल, तर त्या घराचा नाद सोडा.