संशयाची नोंद हे कर्तव्यच
(आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



३१ डिसेंबर १९६० रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेस्ली फ्लॉरेन्स या डॉक्टरांचे एक लहानसे पत्र छापून आले. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या चार रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. हा औषधाचा परिणाम असेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हाती पुरावा नव्हता, केवळ संशय होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी ते पत्र वाचले आणि परवान्यासाठी तगादा लावणाऱ्या कंपनीकडे अधिक पुरावा मागितला. १९६१ च्या अखेरीस या औषधाचा गर्भावर होणारा भीषण परिणाम उघड झाला. जगभर सुमारे दहा हजार बालके व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत मात्र या औषधाला विक्रीचा परवाना मिळालाच नव्हता.

या अनर्थानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये दुष्परिणाम कळविण्यासाठी ‘यलो कार्ड’ पद्धत सुरू केली. तिच्या उभारणीत अग्रभागी असलेले डॉ. विल्यम इनमन यांनी १९७६ मध्ये डॉक्टरांच्या मौनाची कारणे मांडली: बाजारातील औषध सुरक्षितच असते हा भ्रम, खटल्याची भीती, अपराधीपणा, हसे होईल हा संकोच, अज्ञान, आळस आणि अशा नोंदी स्वतःच्या निबंधासाठी राखून ठेवण्याचा मोह. २००६ मध्ये १२ देशांतील ३७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार दुष्परिणाम न कळविण्याचे मध्यक प्रमाण ९४ टक्के होते.

भारतात औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, कोणीही नोंद पाठवू शकतो. रुग्णांसाठी वेगळा नमुना आहे. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची अट नाही. रुग्णाची ओळख गुप्त राहते आणि नोंद म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असे नमुन्यावरच नमूद आहे.

मग लेखणी का अडते? बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते. कंत्राटी परिचारिकेला नोकरीची धास्ती असते. खासगी रुग्णालयाच्या मालकाला नावलौकिकाची चिंता असते. आणि औषधाचे गुण सांगायला कंपनीचा प्रतिनिधी नेमाने येतो, अवगुण सांगायला कोणी येत नाही. नफ्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत मौन सोयीचे ठरते. पण परिस्थितीकडे बोट दाखवून या मौनाचे समर्थन करता येणार नाही. विक्रीपूर्व चाचण्या मर्यादित, निवडक लोकांवर होतात. कुपोषित मजूर, वृद्ध, गर्भवती स्त्री, एकाच वेळी क्षय आणि मधुमेहाची औषधे घेणारा रुग्ण यांच्यावर औषध काय करते, हे बहुधा प्रत्यक्ष वापरातूनच कळते. म्हणजे किंमत कष्टकरी मोजतात आणि तिचा हिशेबही राहत नाही.

म्हणून डॉक्टर, परिचारिका व फार्मासिस्ट यांच्या संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा. नोंद करणाऱ्यास नोकरीत संरक्षण, कामाच्या वेळात त्यासाठी अवकाश आणि पाठविलेल्या नोंदीचे पुढे काय झाले याचे उत्तर, या मागण्या रेटल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत रुग्णांसाठीचा नमुना पोहोचवावा.

एका नोंदीने कोणतेही औषध दोषी ठरत नाही. परंतु हजार नोंदी न झाल्या, तर दोषी औषध निर्दोष म्हणून विकले जात राहते.