ढगातली गार

आम्ही कवी मंडळी ढगाला हळवा म्हणून मोकळे होतो. आमच्या केनवडच्या शेतकऱ्याला विचारा! ११ फेब्रुवारी २०१८ला विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा गहू-हरभरा हाताशी आला होता.

ऊन तापू लागलेलं असताना बर्फ येतो कुठून? तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, निवते. धूलिकणांभोवती पाण्याचे सूक्ष्म कण जमतात. असे सुमारे दहा लाख कण मिळून पावसाचा एक टपोरा थेंब होतो. पण वर चढणारा वारा जोरकस असला, तर थेंबाला खाली येऊ देत नाही. उंचावरच्या गारठ्यात थेंब गोठतो, त्यावर बर्फाचे थर चढतात. वाऱ्याला ओझं पेलेनासं झालं, की गार कोसळते. मोठी गार फोडली, तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

दुपारी काळा ढग मनोऱ्यासारखा वाढू लागला, की अब्बा हरभऱ्याची सुडी झाकायला धावायचे. मी वहीत ओळ शोधत बसे. आता उमगतं, ढग खरा वाचला तो त्यांनीच. तेव्हा असं आभाळ दिसलं, तर आधी ताडपत्री, मग कविता. आणि झाडाखाली थांबू नका. त्याच ढगात वीजही असते.