जहाज कुठे थांबतं आणि का थांबतं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या फेब्रुवारीत आपल्या सोसायटीतली अकरा जोडपी मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझला निघाली आहेत. त्यावरून सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही अलास्काची क्रूझ करून आलात, तुम्हीच पंधरा मिनिटं बोला, फोटो दाखवा." फोटो मी दाखवणार नाही. ते सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेत, काहींनी तर न पाहताच अंगठा दिलाय. मी बोलणार आहे ते तिकिटाबरोबर आलेल्या एका कागदाबद्दल. कोणत्या दिवशी कोणतं बंदर, किती वाजता आगमन, किती वाजता प्रस्थान, असा तो कागद. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने तो निघण्यापूर्वी वाचायला हवा होता. मी वाचला परत आल्यावर.

2024 च्या जूनमध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलगा सिअ‍ॅटलला असतो. त्याने आणि सूनबाईंनी आम्हाला सात रात्रींची अलास्का क्रूझ भेट दिली. रविवारी सिअ‍ॅटलहून निघायचं, सोमवार पूर्ण समुद्रात, मंगळवारी जुनो, बुधवारी स्कॅगवे, गुरुवारी हिमनदीची खाडी, शुक्रवार परत समुद्रात, शनिवारी संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि रविवारी पहाटे पुन्हा सिअ‍ॅटल.

आता सगळ्यात विचित्र काय, तर ते व्हिक्टोरिया. इतकं सुंदर गाव, प्रसिद्ध बागा, आणि आम्ही पोचलो संध्याकाळी, मध्यरात्री निघालो. बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या त्याच रात्री. बागा बघायच्या कधी, अंधारात? मी मुलाला म्हटलं, "हे कोणी ठरवलं रे?" तो म्हणाला, "बाबा, हे 1886 साली ठरलंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरं आहे. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून उतारू घेऊन अमेरिकेच्याच बंदरात सोडायचे नाहीत, म्हणजे देशातली वाहतूक देशी जहाजांनीच करायची. आता या मोठ्या क्रूझ कंपन्यांची कार्यालयं असतात मायामीत, पण जहाजांची नोंदणी असते बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी. कर कमी आणि कामगार कायदे सैल, हे सांगायला नकोच. मग सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत यायचं तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला पाय लावावा लागतो. चार तास लावला तरी कायद्याचं समाधान होतं. व्हिक्टोरिया आमच्या कागदावर होतं ते बागांसाठी नव्हे, व्हाउचरवर शिक्का पाहिजे म्हणून!

ह्या शिक्क्याची किंमत कळली ती 2021 साली. कोविडमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद केली. शिक्का मिळेना, म्हणून अलास्काचा अख्खा हंगाम बुडायची वेळ आली. शेवटी मे महिन्यात अमेरिकेच्या संसदेला तेवढ्यापुरती सूट देणारा वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा जहाजं हलली.

तेव्हापासून तो कागद मी पासबुकासारखा वाचायला लागलो. प्रत्येक नोंदीमागे काही ना काही व्यवहार आहे.

पहिला व्यवहार अंतराचा. क्रूझ जहाज साधारण वीस नॉट वेगाने जातं, म्हणजे संध्याकाळी सहाला निघून सकाळी सहाला पोचायचं तर दोनशे चाळीस सागरी मैलांच्या आतलं बंदर हवं. रात्री प्रवास आणि दिवसा गाव, हे गणित जिथे जमतं तिथेच रोज नवीन बंदर मिळतं. सिअ‍ॅटल ते जुनो सुमारे नऊशे मैल. जाताना पंचेचाळीस तास गेले, येतानाही तेवढेच. सात दिवसांतले दोन दिवस असे पाण्यातच. पण कंपनीच्या दृष्टीने ते दिवस वाया जात नाहीत. बंदरात असताना जहाजावरचा कॅसिनो आणि दुकानं बंद असतात. समुद्रात गेलं की दोन्ही उघडतात. सोमवारी दिवसभर आमच्यासमोर घड्याळांचा सेल, दागिन्यांचा सेल आणि चित्रांचा लिलाव चालू होता. हिने एक कानातलं हातात घेऊन परत ठेवलं, एवढीच आमची उलाढाल.

वेगाचंही तसंच. गाडीला दुप्पट वेगाला दुप्पट पेट्रोल लागेल असं आपल्याला वाटतं, पण जहाजाचा वेग थोडा वाढवला तरी इंधनाची भूक कितीतरी जास्त वाढते. म्हणून गावातून एक तास लवकर निघून रात्रभर सावकाश जाणं कंपनीला परवडतं. "सर्वांनी साडेचारच्या आत जहाजावर परत यावे" या सूचनेत बऱ्याचदा तेलाचा हिशेब असतो.

मग, निघायचं सिअ‍ॅटलहूनच का? कॅनडातलं व्हँकुव्हर अलास्काला जवळ, आणि तिथून बेटांच्या आडून शांत पाण्यातून जाता येतं. एक कारण विमानतळ: अमेरिकन प्रवाशाला देशातल्या देशात स्वस्त विमान मिळतं. दुसरं कारण मला फार आवडलं. व्हँकुव्हरच्या बंदराच्या तोंडाशी लायन्स गेट नावाचा झुलता पूल आहे, 1938 सालचा. तो पाण्यापासून सुमारे एकसष्ट मीटर उंच. हल्लीची सगळ्यात मोठी जहाजं त्याच्याखालून जातच नाहीत! आपल्या पार्किंगमध्ये टेम्पो अडकला होता तसं.

आता धक्क्याबद्दल सांगतो. इथे मला जरा थांबावं लागेल.

जुनो ही अलास्काची राजधानी. लोकवस्ती तीस-बत्तीस हजार, आणि बाहेरून तिथे यायला रस्ताच नाही, एक तर बोट नाहीतर विमान. अशा गावात वर्षाला सोळा लाखांच्या वर क्रूझ प्रवासी उतरतात, तेही एप्रिल ते ऑक्टोबर ह्या सहा-सात महिन्यांत. गावाला धंदा मिळतो, राज्याला माणशी साडेचौतीस डॉलर कर मिळतो. पण दिवसभर डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरतात आणि रस्त्यात बसच बस. गावकऱ्यांनी कंपन्यांशी बसून करार केला, की 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं यायची. 2026 च्या हंगामापासून खाटांवरही मर्यादा आहे, रोज सोळा हजार आणि शनिवारी बारा हजार. शनिवारी एकही जहाज नको असा ठराव 2024 च्या ऑक्टोबरात मतदानाला आला होता, तो पडला. ज्यांची दुकानं होती आणि ज्यांच्या खिडक्या रस्त्यावर होत्या, ते दोघंही एकाच गावचे. आपल्या जनरल बॉडीत गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून काय झालं होतं ते आठवा.

तर पाच जहाजं, आणि मोठ्या जहाजाला लागायला धक्के चार. पाचवं खाडीत नांगर टाकतं आणि माणसांना लहान बोटींनी किनाऱ्याला नेतं. ह्या बोटीला टेंडर म्हणतात. टेंडर म्हटलं की आपल्याला लिफ्टच्या दुरुस्तीचं आठवतं, पण हे वेगळं. धक्के दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी वाटले जातात, म्हणजे आम्ही तिकीट काढलं तेव्हा कंपनीला हे ठाऊक असणारच. आमच्या कागदावर जुनोच्या पुढे एक बारीक खूण होती आणि खाली तळटीप. ती खूण मी पाहिली नाही. कर्जाच्या फॉर्मवर लोकांना "बारीक अक्षर वाचा हो" असं सांगण्यात माझी नोकरी गेली, आणि मी पाहिली नाही.

त्या वेळी हिचे दोन्ही गुडघे गेलेले. जहाजाच्या पोटातल्या दारातून खाली बोट दिसत होती, वरखाली होत होती. खलाशी चांगले होते, दोघांनी हात पुढे केले. हिने एकदा खाली पाहिलं, मागे रांग पाहिली, आणि म्हणाली, "मी नाही जात. तुम्ही जाऊन या."

मंडळी, मी गेलो. मेंडेनहॉल हिमनदीच्या बसचे पैसे आगाऊ भरले होते, परत मिळणार नव्हते. हेच कारण, दुसरं काही नाही. हिमनदी निळसर होती, बाजूला मोठा धबधबा होता, मुलाने माझे फोटो काढले. लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी त्या फोटोत मी एकटा आहे. हे आज तुमच्यासमोर सांगायची परवानगी हिनेच दिली आहे. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे.

रात्री ती मला म्हणाली, "लहानपणी मालवणला आपण उतरायचो कसे?" आम्ही दोघंही तिकडचेच. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघायची, मालवणला बाहेर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला जायचं. खलाशी पोरांना बखोटीला धरून खाली द्यायचे, आजी-आज्यांनाही. मेअखेर बोटी बंद व्हायच्या, त्या पाऊस सरल्यावर सुरू. बंदराला धक्का आहे की नाही आणि समुद्र कसा आहे, हे कोकणातल्या पोराला न वाचता कळत होतं.

पुढचं भराभर सांगतो. स्कॅगवे हे सोन्याच्या गर्दीतून 1897 साली उभं राहिलेलं गाव, वस्ती हजार-बाराशे. जहाज लागलं की गावापेक्षा पाहुणे जास्त. हिमनदीचं म्हणाल तर प्रसिद्ध ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश. आमच्याकडे परवाना नव्हता, म्हणून आम्ही दुसऱ्या खाडीत गेलो. जाहिरातीत दोन्हीला "हिमनदी दर्शन"च म्हणतात. तिथे मात्र उतरायचं नव्हतं. ही ब्लँकेट गुंडाळून चार तास डेकवर बसली होती.

आणि गावांशी ही सगळी कटकट नको म्हणून कंपन्यांनी काय केलं? स्वतःची बेटं घेतली. नॉर्वेजियन कंपनीने 1977 सालीच बहामात ग्रेट स्टिरप के नावाचं बेट वापरायला घेतलं; आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असं एखादं आहे. तिथे गावकरी नाहीत, मतदान नाही, आणि शहाळ्याचे पैसेसुद्धा कंपनीच्याच खात्यात.

फेब्रुवारीच्या मंडळींसाठी कामाचं तेवढं सांगतो. हवामान बिघडलं तर कप्तान बंदर गाळू शकतो, आणि करारात तसं लिहिलेलं असतं. बहुधा बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, बाकी नाही. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांना मोठं जहाज लागत नाही, प्रवाळाबाहेर नांगर टाकून होड्यांनी जायचं असतं. म्हणून मी एजंटला चार प्रश्न लिहून पाठवले: कोणत्या दिवशी धक्का, कोणत्या दिवशी होडी, किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती तास, बंदर चुकलं तर काय परत, आणि गुडघेदुखीच्या माणसाला होडीत कसं उतरवणार. तीन उत्तरं आली. चौथ्याला तो म्हणतो, "सर, ते वेदर बघून." त्याला मी पुन्हा मेल टाकली आहे, लेखी उत्तर पाहिजे म्हणून.

हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं गेल्या वर्षी झाली. यादीत आमचं नाव आहे. रोज संध्याकाळी सहाला ती ए विंगचा जिना दोन मजले चढते आणि उतरते. तेव्हा कोणी कृपया कमिटीला फोन करून लिफ्ट बंद आहे का असं विचारू नये.