कावेरीचा शेजार

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. नाव ऐकून पाप धुऊन टाकणाऱ्या तीर्थाची आठवण व्हावी. पण या गावाची खरी चिंता भाताची आहे. नायक राजांच्या काळातील विटांचे धान्यकोठार तेथे अद्याप उभे आहे आणि कुडमुरुट्टी, तिरुमलैराजन हे कावेरीचे फाटे त्या परिसरातील शिवारे भिजवीत पुढे जातात. महाराष्ट्राला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या मराठी गादीचा हा प्रदेश.

येथील कुरुवै पिकाची सारी भिस्त मेट्टूर धरणावर. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा प्रघात आहे. परंतु मेट्टूर भरणार कोठून? वरच्या अंगाला, कर्नाटकात, कृष्णराजसागर आणि कबिनी यांतून पाणी सुटेल तेव्हा. म्हणजे पापनाशमच्या शेतकऱ्याच्या पेरणीचा मुहूर्त शेजारच्या राज्याच्या पाटबंधारे खात्यावर अवलंबून असतो. नदीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्याचे हे जुने दुखणे आहे.

वरच्या शेजाऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यात १८९२ व १९२४ साली करार झाले. त्या वेळी एका बाजूला साम्राज्यसत्ता, दुसऱ्या बाजूला तिचे मांडलिक संस्थान. तेव्हा हा सौदा बरोबरीचा नव्हता, अशी कर्नाटकाची तक्रार आहे. ती निराधार म्हणता येत नाही. दुसऱ्या कराराची पन्नास वर्षे १९७४ साली भरली आणि भांडण उघडे पडले.

राज्यांतील जलतंट्यांसाठी संसदेने १९५६ साली कायदा केला होता. तरीही लवाद नेमला गेला तो २ जून १९९० रोजी, तोही सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. आणि त्या न्यायालयाचे दार १९८३ साली ठोठावले होते ते तंजावरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेने. सरकारे पत्रव्यवहार करीत राहिली. कोर्टाची पायरी शेतकरी चढले. १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर कर्नाटकात दंगली उसळल्या, निरपराध तमिळ कुटुंबांना घरे सोडावी लागली. अखेरचा निवाडा २००७ साली आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो थोडा बदलला. कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट पाणी पोहोचवावे, असे ठरले. पूर्वीचा आकडा १९२ होता.

आकडा ठरवणे सोपे, पाळवून घेणे अवघड. यासाठी जून २०१८ मध्ये कावेरी जलव्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ व पुदुच्चेरी यांचे प्रतिनिधी केंद्राच्या सदस्यांसह एकाच मेजाभोवती बसतात. हाताखालची नियमन समिती जलाशयांतील साठा आणि बिळिगुंडलूचे मोजमाप यांवर नजर ठेवते. धरणांच्या किल्ल्या मात्र राज्यांकडेच आहेत. कोणी ऐकले नाही, तर प्राधिकरणाने केंद्राची मदत मागावी, एवढीच तरतूद.

मग या मेजाचा उपयोग काय? पाऊस चांगला झाला की सगळेच समंजस असतात. त्या वर्षी प्राधिकरणाची आठवणही कोणाला होत नाही. कस लागतो तो अवर्षणात. पाणी कमी पडले तर वाटेही त्याच प्रमाणात कमी करावेत, असे निवाडा सांगतो. पण कमी म्हणजे नेमके किती, आणि ते मोसमाच्या मध्यावर कोणी ठरवायचे, यावर वाद अडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हेच घडले. समितीने पंधरा दिवस रोज ५००० क्युसेक सोडण्यास सांगितले, प्राधिकरणाने ते कायम केले, सर्वोच्च न्यायालयाने हात घालण्यास नकार दिला. बंगळुरूत २६ तारखेला बंद झाला आणि २९ ला कर्नाटक बंद. तरी १९९१ ची पुनरावृत्ती झाली नाही. तमिळनाडूची मागणी पुरी झाली नाही, कर्नाटकाची नाराजीही गेली नाही. मात्र पुढच्या पंधरवड्याचा आकडा पुन्हा त्याच मेजावर ठरला. तो ३००० क्युसेकचा होता, आणि पापनाशमच्या शिवारांत तेव्हा सांबा भाताची तयारी चालू व्हायची होती.