काम काढून नव्हे, फिरायला म्हणून

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



माथेरानच्या जंगलात एक दिवस पायी फिरून यायचं आणि त्याची आखणी कशी करायची, एवढाच माझा विषय आहे. मोर्चा, कायदा, समुपदेशन यांच्यामध्ये हा विषय कुठून आला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

गटात सहलीचं ठरलं तेव्हा एकजण म्हणाली, "घरी काय सांगू? काय काम आहे विचारतील." देवळाला प्रदक्षिणा घालायला जाते म्हटलं तर कुणी अडवत नाही. लग्न, बाळंतपण, दुखणं, वारी, यासाठी बाई घराबाहेर पडू शकते. पण नुसतं झाडांखालून चालायला? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली, पुरुषांची ८८. त्या उरलेल्या दोनशे मिनिटांचा हिशोब कुणी मागत नाही. आपण एक दिवस मागितला की मात्र कारण द्यावं लागतं.

म्हणून आम्ही ठरवलं, खोटं कारण द्यायचं नाही. "फिरायला जातेय" असंच सांगायचं. दोघींच्या घरी त्यावरून भांडण झालं. एकीला येता आलं नाही. ती जागा आम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाही.

आता माथेरानच का? मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या रुंद वाटा आणि वर जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट सावली. नेरळपर्यंत लोकल, तिथून दस्तुरीपर्यंत वाटून घेतलेली टॅक्सी. उंची सुमारे आठशे मीटर असली तरी चढ गाडीनेच संपतो. वर जे उरतं ते चढउताराचं पण जमण्यासारखं चालणं.

आमची वाट अशी : बाजारातून पूर्वेच्या कडेने खंडाळा पॉइंट, अलेक्झांडर, रामबाग, मग दक्षिण टोकाला वन ट्री हिल. तिथून पश्चिमेच्या कडेने शार्लोट तलाव आणि परत बाजार. हे सात-आठ किलोमीटर होतं. दस्तुरी ते बाजार जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर वेगळे. गुडघे दुखणाऱ्यांनी अमन लॉजहून छोटी गाडी घ्यावी, तिच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात. गोल वाटेचा फायदा म्हणजे तीच जागा पुन्हा बघावी लागत नाही. तोटा असा की अर्ध्यावर थकलं तर पुढचंही तेवढंच आणि मागचंही तेवढंच. म्हणून आधीच ठरवा, कोण कुठून वळणार. रामबागच्या आसपासहून बाजाराकडे परतता येतं, शार्लोट तलावाहूनही.

पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. मी भराभर चालणारी, वेळापत्रक माझ्या पायांवर बेतलं. आमची सर्वांत वयस्कर मैत्रीण मागे पडली आणि सावलीतल्या एका वळणावर एकटीच बसून राहिली. आम्हाला ते अर्ध्या तासाने कळलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मीटिंगमध्ये म्हणता ना, शेवटच्या बाईपर्यंत पोचायचं?" दुसऱ्या खेपेला तिला सगळ्यांत पुढे ठेवलं. ती थांबली की सगळ्या थांबत. सगळ्यात मागे एक दमदार बाई, शिट्टी घेऊन. फेरी साडेपाच तासांत झाली आणि खरं सांगते, त्या वेळी मला जंगल पहिल्यांदा दिसलं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. पावसात वाटा निसरड्या होतात. बूट नवे नकोत, वापरातले असावेत. साडीत चालता येतं, फक्त ती घोट्याच्या वर खोचा. शौचालय बाजारात उरकून घ्या, पुढे मिळेलच असं धरू नका. पाळी आलेली असेल तर घडी, कागदी पिशवी, पाणी जवळ ठेवा आणि कुणाला तरी सांगा. लाजून पाणी न पिता चालू नका. डबा पिशवीत बंद ठेवा, माकडं हिसकावतात. झाडांखाली अंधार लवकर पडतो, चारच्या आत परतीला लागा. आणि डबा घरच्या सगळ्यांसाठी करून मग निघायचं, हे बंद!

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दस्तुरीला डोक्यावर बॅगा वाहून नेणाऱ्या बायका भेटतात. डोंगराखालच्या वाड्यांतून चढून येतात. आम्ही मोकळ्या हातांनी निघालो होतो. एकजण म्हणाली, बाईच्या डोक्यावर ओझं द्यायचं नाही. त्यावर हमाल बाई म्हणाली, "मग आज मी काय न्यायचं घरी?" माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माथेरानबाबत दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार केला. डोक्यावरच्या ओझ्याबद्दल आपण काय म्हणणार? आम्ही तिला काम दिलं, घासाघीस न करता, बॅग हलकी करून. हे उत्तर पुरेसं नाही, हे मला माहीत आहे. ती त्याच वाटेवर रोज चालते, पण फिरायला म्हणून कधीच नाही. आपला विसाव्याचा हक्क तिच्यापर्यंत पोचला नाही तर ती नुसती आपली सहल होईल.

तेव्हा आपापल्या गटात एक फेरी आखा. कारण विचारलं तर सांगा, काही काम नाही. ज्या मैत्रिणीला घरून सोडणार नाहीत, तिच्या घरी आधी जा. आमची तीही पुढच्या खेपेला येतेय. या वेळी तिच्या दारात आम्ही चौघी जाऊन बसलो होतो.