सरवा



‘नित्याच्या वस्तू फुकट मिळवून काटकसरीने कसे राहावे’ असा विषय या भाषणासाठी मला देण्यात आला आहे. असा विषय एखाद्या शाळामास्तरणीकडेच का यावा हे ओळखायला फारशी बुद्धी लागत नाही, म्हणून मी त्याचा राग मानला नाही. मात्र ‘फुकट’ हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला जात नसे. माझ्या आईचा शब्द निराळा होता. ती म्हणे, ‘सरवा’.

शहरात वाढलेल्या श्रोत्यांसाठी थोडे सांगते. भुईमुगाचे वेल उपटले की त्यांना लगडलेल्या शेंगा वर येतात. पण ज्यांचे देठ कुजून सुटलेले असतात अशा काही शेंगा मातीतच राहतात. मालकाचे पीक घरी गेल्यावर, त्याच्या परवानगीने, खुरप्याने माती उकरून या राहिलेल्या शेंगा वेचून घ्यायच्या, याला सरवा वेचणे म्हणतात. आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजूला रताळ्यांचाही असाच सरवा असतो. फाळ लागून तुटलेली, बोटाएवढी राहिलेली रताळी मागे पडतात. दोघी बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकल्या तर पायलीभर ओल्या शेंगा मिळतात. त्या वाळल्यावर किती उरतात हे ज्याने वाळवल्या आहेत त्यालाच ठाऊक. तेव्हा सरवा फुकट असतो असे म्हणणारा मनुष्य बहुधा कधी वाकलेला नसतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी शिकवीत होते तेथे आमचा पगार सात महिने थकला. कारणे सांगत बसत नाही. ती तेव्हाही पटली नव्हती. पहिल्या महिन्यात आम्ही दूध कमी केले, दुसऱ्या महिन्यात वर्तमानपत्र बंद केले, आणि तिसऱ्या महिन्यात आई गावाहून एक पिशवी घेऊन आली. तिच्यात सरव्याच्या शेंगा होत्या, शेवग्याच्या पाल्याची जुडी होती, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पोईच्या व पुदिन्याच्या काड्या होत्या. पैसे तिने आणले नव्हते, कारण तिच्यापाशी ते नव्हते.

त्या पिशवीने आम्हांला जे शिकवले तेच मी आज सांगू शकते. पोईची काडी मातीत खोचली की वेल होतो. पुदिन्याच्या पानांची चटणी झाल्यावर उरलेला दांडा पेल्यात ठेवला की चार-आठ दिवसांत मुळे धरतो. घरातलेच धणे हलके रगडून दोन फाकी केले आणि पेरले की कोथिंबीर उगवते. गवती चहाचा एक फुटवा शेजारणीकडून आणला तर पुढे चार शेजारणींना देता येतो. शेवग्याची कमरेएवढी लांब, जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली की बहुधा जगते, आणि मग पाला, फुले, शेंगा अशी तीन प्रकारची भाजी एकाच झाडाची होते. पहिल्या पावसानंतर वाटेच्या कडेला टाकळा माजतो. त्याची कोवळी पाने तेवढी घ्यावीत. शेंगा धरू लागल्यावर त्याला चव राहत नाही. अळवाला चिंचेचा आंबटपणा हवा, नाहीतर घसा खाजेल. दोडक्याच्या शिरा परतून चटणी होते, फणसाच्या आठळ्या आमटीत जातात, हे तर आपल्या आज्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. एकच इशारा देते. रानभाजी प्रथम ओळखत्या माणसाबरोबर जाऊन खुडावी. अळंबी मात्र चित्रावरून ओळखण्याच्या फंदात कुणी पडू नये. तणनाशक फवारलेल्या बांधावरची भाजी कितीही तजेलदार दिसली तरी सोडून द्यावी.

भांडी घासायला राख घ्यावी असा सल्ला देण्याचा मोह मला झाला होता. पण चूल गेली, तिच्याबरोबर राखही गेली, आणि आता ती पुडक्यात भरून विकायला आलेली मी पाहिली आहे. असो.

पोटाचे असे निभले. खरी अडचण जून महिन्यात, शाळा उघडताना आली. माझी मुलगी तेव्हा पाचवीत गेली होती. शेजारच्या मावशींनी त्यांच्या नातीचा गणवेश आणि पुस्तके दिली. गणवेश चांगलाच होता. पण पुस्तकांवर पहिल्या पानावर त्या नातीचे नाव शाईने लिहिलेले होते. मुलीने ते नाव खरवडून काढण्याच्या नादात पान फाडले. मी तिच्यावर रागावले, आणि मग रात्री स्वतःवर. मी स्वतः इतकी वर्षे वर्गात ‘कुणाला जुनी पुस्तके हवीत? हात वर करा’ असे विचारीत आले होते. हात क्वचितच वर होत. मुलांना गरज नसावी, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या वर्षी पगार सुरू झाला तेव्हा वर्गात मी एक कपाट ठेवले. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने पुस्तकांना नवे कव्हर घालून, नावाच्या जागी कागद चिकटवून ती कपाटात ठेवायची, आणि जूनमध्ये वर्गातल्या प्रत्येक मुलाने, डॉक्टरांच्या मुलानेसुद्धा, कपाटातूनच एक संच न्यायचा. हात वर करायचा नाही, नोंद ठेवायची नाही. पहिल्या वर्षी दोन पालक तक्रार घेऊन आले की ‘आमच्या मुलाला जुनी पुस्तके कशाला?’ मी म्हटले, ‘घरी नवी घेऊन ठेवा की.’ ते पुन्हा आले नाहीत. कपाट अजून चालू आहे.

बायबलमध्ये रूथ नावाच्या परक्या देशातल्या विधवेची गोष्ट आहे. ती सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि जवाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. आमच्या मराठी बायबलात शब्दही तोच आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शेताच्या कडा मालकाने पुरत्या कापायच्या नसत आणि पडलेली कणसे उचलायची नसत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी होती. पण त्या गोष्टीत मला नेहमी थांबवते ती जागा वेगळीच आहे. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या, आणि तिला बोलू नका. रूथला ते कळतही नाही. लहानपणी चर्चमध्ये ही गोष्ट अनेकदा ऐकली होती, पण ते ‘तिला बोलू नका’ मला कपाट ठेवल्यानंतरच ऐकू आले.

हा रिवाज जगभर होता, आणि त्यावरून भांडणेही झाली. इंग्लंडात सफोक परगण्यात मेरी हाउटन नावाच्या बाईने एका शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचला म्हणून तिच्यावर खटला झाला, आणि 1788 साली न्यायालयाने ठरवले की कायद्याने असा हक्क कुणालाही नाही. पुष्कळ खेड्यांत बायका त्यानंतरही वेचीतच राहिल्या. फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने 1857 साली शेतात वाकलेल्या अशा तीन बायकांचे चित्र प्रदर्शनात मांडले तेव्हा पॅरिसच्या प्रतिष्ठितांना ते फारसे रुचले नाही. चित्रात कुणी काही मागत नाही, कुणी रडत नाही. त्या केवळ वाकलेल्या आहेत.

आता शहरातल्या सरव्याकडे येते. पुष्कळ गोष्टी आपण फुकट समजून सोडून देतो, आणि त्यांचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. कर्नाटकात 1965 च्या ग्रंथालय कायद्याने घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घेतला जातो. तो भरून जो मनुष्य सरकारी वाचनालयाची पायरी चढत नाही, तो आपले शेत काढून पीक दुसऱ्याच्या खळ्यावर ठेवून येतो. पगार थकला त्या वर्षी घरचे वर्तमानपत्र बंद झाले, पण वाचनालयात मी रोज तीन वाचीत असे. वाचन त्या वर्षाइतके कधी झाले नाही. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी 1950 साली गेले. म्हणजे 2011 पासून त्यांची पुस्तके कुणीही छापावीत, उतरवून घ्यावीत, वाचावीत. राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची, पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून बिनमोल उतरवून घेता येतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हा हक्क आहे. तो मागताना आवाज खाली घेण्याचे कारण नाही.

कर्नाटकात 11 जून 2023 रोजी शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळाला. वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. पहिल्यांदा ते हातात पडले तेव्हा आईने ते घडी करून बटव्यात ठेवले. ‘याला किती पडले?’ असे तिने दोनदा विचारले. त्यानंतर ती महिन्यातून दोन वेळा माझ्याकडे येऊ लागली. आधी वर्षातून तीन-चार वेळा येत असे. या योजनेवर टीका करणारे पुष्कळ आहेत, आणि गर्दीची तक्रार खोटी नाही. पण भाड्याचे पैसे नाहीत म्हणून माहेरी न गेलेल्या बायकांची गर्दी कुणी मोजली नव्हती, एवढे मी म्हणेन.

‘एकावर एक फुकट’ म्हणून दुकानदार देतो त्याविषयी बोलत नाही. त्यात आपण नको असलेली पहिली वस्तू विकत घेतो.

आता राहिले मूळ सरव्याचे. गेल्या कार्तिकात आई, मी आणि माझी मुलगी तिघी शून्य तिकिटावर गावी गेलो. ज्यांच्या शेतात आई चाळीस वर्षे सरवा वेचीत आली त्या तात्यांच्या दारात उभ्या राहिलो. तात्यांनी पाणी दिले, पण चेहरा मोकळा नव्हता. ‘अक्का, यंदा नको,’ ते म्हणाले. आदल्या वर्षी पीक शेतात असतानाच सरव्याचे नाव करून काही लोक शिरले आणि वेलच्या वेल उपटून नेले. मजुरी वाढली, पाऊस ऐन काढणीच्या वेळी आला, शेंगा मातीतच कोंबारल्या. ‘आता राहिलेली शेंगसुद्धा मीच माणसे लावून वेचून घेतो. नाहीतर हिशेब जुळत नाही.’

मला ते खोटे वाटले नाही. ज्याचे खळे भरते त्यालाच मागे काही सोडता येते. आई मात्र उठली नाही. ती म्हणाली, ‘तात्या, तुमची माणसे वेचून जाऊ द्यात. त्यांच्या मागनं आम्ही येतो.’

तात्या हसले, आणि खुरपी काढून दिली.

दोन वेळा वेचलेल्या त्या शेतात आम्हां तिघींना दिवसभरात जेमतेम अर्धी पायली शेंगा मिळाल्या. मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या नखांत माती गेली होती आणि पाठ धरली होती. परतताना तात्यांनी सांगितले की पुढल्या वर्षी त्या शेतात ऊस लावायचा आहे. उसात सरवा नसतो. वाढे मिळते, पण आम्हांला गुरे नाहीत. आईने लगेच विचारले की पलीकडच्या तुकड्यात रताळी आहेत ती कुणाची, आणि ती कधी काढणार.