कुंडीतला निशिगंध

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निशिगंधाचा, म्हणजे आपल्या गुलछडीचा, 'फुले रजनी' हा एकेरी फुलांचा वाण दिला आहे. शेतातलं हे फूल फ्लॅटच्या गॅलरीतही छान येतं.

एप्रिल-मेमध्ये 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचे टणक कंद आणा. बोटानं दाबून मऊ लागला, तर तो नकोच. 12 इंची कुंडीत तीन कंद पुरेत. श्रीरामपूर-कोपरगावकडची काळी माती नुसतीच भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. निम्मी पोयट्याची माती, बाकी शेणखत आणि वाळू घाला. कंद 5 सेंटिमीटर खोल, टोक वर. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच द्या.

ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवंच. टीव्हीशेजारी शोभेला ठेवलेल्या कुंडीत नुसती पातच वाढते! साधारण तीन-साडेतीन महिन्यांनी दांडा येतो, तळाच्या कळ्या आधी उमलतात. मग संध्याकाळी कुंडी खुशाल बैठकीत आणा. याचा खरा घमघमाट रात्रीच.

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पण त्याला बाजूनं पिल्लं फुटतात. हिवाळ्यात पात पिवळी पडली की पाणी तोडा, कंद उकरा, सावलीत सुकवा आणि कांद्यासारखे हवेशीर पसरून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात बांधू नका. पुढच्या एप्रिलला त्यातले जाड तेवढे निवडून लावा.